कुंडीवर नाव लिहा

मंडळी, आज पाणीपट्टी नाही, रस्त्याचे खड्डे नाहीत, सभागृहातली भांडणंही नाहीत. आज कुंडीतल्या झाडाबद्दल लिहितोय, आणि तेही पाळलेल्या सरड्या-कासवाच्या पेटीत ठेवायच्या झाडाबद्दल. "पत्रकाराला कामधंदा उरला नाही वाटतं" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आत्ताच म्हणून घ्या. मग वेळ काढून पुढे वाचा, पोस्ट मोठी आहे.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या गावात रोपवाटिकेतून झाड मिळतं, झाडाचं नाव मिळत नाही. ते खाण्यात गेलं तर बाधतं का, हे कुणी सांगत नाही. त्याच्यावर काय फवारलंय आणि कधी फवारलंय, हे तर विचारायचंच नाही. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर आत काय काय आहे ते छापलेलं असतं. तीनशे रुपयांच्या कुंडीवर फक्त किंमत, तीही मार्करने.

आता सरडा कुठून आला ते सांगतो. आपल्या गावात ग्रीन इग्वाना पाळणारी निदान तीन घरं मला माहीत आहेत. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला प्राणी, शेपटीसकट पाच-सहा फुटांपर्यंत वाढतो, आणि पूर्ण शाकाहारी. झाडावर राहणारा. त्याला दमट हवा लागते, चढायला फांदी लागते, लपायला पानं लागतात, म्हणून पाळणारे पेटीत जिवंत झाड ठेवतात. ठेवलंच पाहिजे असं जाणकार सांगतात, आणि ते बरोबरच आहे. प्लास्टिकची वेल लावली की काम भागतं असं दुकानदार म्हणतो, पण पानं खाणारा प्राणी प्लास्टिकचं पानही चावून बघतो, आणि तो तुकडा आतड्यात अडकला की पुढचा खर्च आणि जिवाचा घोर दुकानदाराच्या माथी नसतो.

या तीन घरांपैकी एका घरातला पोरगा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. सज्जन पोरगा. इग्वानाची 'परिवेश' पोर्टलवरची नोंदणी त्याने केलेली आहे, कागद मी स्वतः पाहिला. (हे मुद्दाम लिहितोय, कारण २०२२ ला वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले, तेव्हापासून 'सायटिस' कराराच्या यादीतले परदेशी प्राणी घरात असतील तर नोंदणी लागते. ज्यांनी केली नाही त्यांनी करा.) पावसाळ्याच्या तोंडावर त्याने पेटी मोठी केली आणि हौसेने तीन झाडं आणली. बिलावर काय लिहिलंय माहितीये? "शोचे झाड, ३ नग." बस्स.

पाचव्या दिवशी इग्वानाने खाणं सोडलं. तोंडातून लाळ गळायला लागली. पोरगा त्याला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर भला माणूस, पण आयुष्य गाई-म्हशींत गेलेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बरोबर विचारला: "काय खाल्लंय?" पोराने रोपवाटिकेत फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "अरे शोचं झाड आहे ते, त्याने काय होतंय?" फवारणी केली होती का? "टॉनिक मारतो आम्ही." कुठलं टॉनिक? "असतं एक."

नवव्या दिवशी जनावर गेलं.

मला पोराने नंतर सांगितलं, "दादा, यूट्यूबवर बघून आणली होती झाडं." मी तिन्ही झाडांचे फोटो काढून शेतकी कॉलेजात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना दाखवले. पहिलं अरेका पाम. निरुपद्रवी. दुसरं सिंगोनियम, ज्याच्या पानात सुया असतात, त्याबद्दल पुढे लिहितो. आणि तिसरी साधी जास्वंद, जी इग्वानाला खायला द्यायला उत्तम समजतात. पान, फूल दोन्ही. पण सर म्हणाले, "जास्वंदीला पिठ्या ढेकूण फार लागतो, विक्रीची रोपं फवारल्याशिवाय चकचकीत दिसत नाहीत." म्हणजे बाधलं ते सिंगोनियम, की जास्वंदीवरचं टॉनिक, की दोन्ही? त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर झाडाचं नाव आणि औषधाचं नाव अशा दोन चिठ्ठ्या असत्या तर निदान उपचार कुठल्या दिशेने करायचा ते कळलं असतं. त्या दोन चिठ्ठ्यांसाठीच ही पोस्ट आहे.

आता नावांचा घोळ बघा. मी मागचे दोन आठवडे गावातल्या आणि हायवेवरच्या रोपवाटिका फिरलो. "जेड" मागितलं तर एका ठिकाणी जे दिलं ते पोर्टुलॅकेरिया, दक्षिण आफ्रिकेतलं झुडूप. तिकडे हत्ती खातात, कासवं खातात, पाळीव कासवाच्या आवारात लावायला याच्याइतकं चांगलं झाड नाही. दुसऱ्या ठिकाणी "जेड" म्हणून जे दिलं ते क्रॅसुला, जे कुत्र्या-मांजरांना बाधणाऱ्या झाडांच्या यादीत आहे. दोन्हींची पानं जाड, गोलसर, हिरवीगार. नाव एकच. "पाम" म्हणाल तर अरेकाही पाम आणि सायकसही पाम. सायकस मुळात पाम नाहीच, आणि त्याचं विष यकृतावर जातं. हे झाड आपल्याकडे सरकारी कार्यालयांच्या पायऱ्यांशी दोन्ही बाजूंना हमखास उभं असतं. "फर्न" मागितलं तर बोस्टन फर्न मिळेल, जे पेटीत ठेवायला चांगलं, किंवा अ‍ॅस्परॅगस फर्न मिळेल, जे फर्न नसून आपल्या शतावरीचं भावंड आहे, बारीक काटे आणि बाधणारी फळं असलेलं. लकी बांबू हा बांबू नाही, ड्रेसिना आहे. पीस लिली ही लिली नाही, अळूच्या कुळातली आहे.

आणि अळूचं मी मराठी माणसाला काय सांगू? आपल्या आयाबाया अळू चिरताना हाताला तेल लावायच्या, फतफत्यात चिंच नाहीतर आमसूल घालायच्या. का? खाज मारायला. ती खाज म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक. कच्चं पान चावलं की त्या सुया जिभेत, टाळूत, घशात घुसतात. डिफेनबॅकिया, मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, कॅलेडियम, अग्लोनिमा, सगळी या एकाच कुळातली. डिफेनबॅकियाला इंग्रजीत 'डंब केन' म्हणतात, कारण चावणाऱ्याची जीभ सुजून बोलणं बंद होतं. म्हणजे जे ज्ञान आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, ते दिवाणखान्यातल्या कुंडीपर्यंत येईस्तोवर हरवतं, कारण कुंडीवर इंग्रजी नाव असतं किंवा नावच नसतं. "हे अळूच्या घरचं आहे" एवढं जरी रोपवाटिकेतल्या माणसाने सांगितलं असतं, तरी त्या पोराच्या आईने ते झाड पेटीत जाऊ दिलं नसतं.

यूट्यूबवाल्यांचं वेगळंच. फ्लोरिडातला कुणीतरी सांगतो 'पोथॉस' चालतं. आपल्याकडे पोथॉस म्हणजे मनी प्लांट हे अर्ध्या लोकांना ठाऊक नाही, आणि तो कुठल्या प्राण्यासाठी चालतं म्हणाला हे उरलेले अर्धे ऐकत नाहीत. इथे खरी मेख आहे. किडे खाणारी पाल, म्हणजे गेको, पानाला तोंड लावत नाही. तिच्या पेटीत मनी प्लांट जगभर ठेवतात आणि चालतं. अजगराच्या जातीतला बॉल पायथन पान खात नाही, त्याच्यासाठी बघायचं ते झाड वजन पेलतं का, काटे-चीक आहे का. पण इग्वाना आणि कासव पान खाणारच. त्यांच्या पेटीतलं प्रत्येक झाड हे ताटात वाढलेलंच समजायचं. बिअर्डेड ड्रॅगन दोन्ही खातो, किडेही आणि पानंही. तेव्हा 'सुरक्षित झाडांची यादी' अशी सरसकट काही नसते. आधी प्राणी काय खातो ते विचारायचं, मग झाड. आणि किडेखाऊ प्राण्याच्या मालकांनीही गाफील राहू नये, कारण सोडलेला नाकतोडा त्याच फवारलेल्या पानावर बसून खातो आणि मग तो नाकतोडा पोटात जातो. झाडासोबत काय काय येतं याचाही विचार करा. अमेरिकेत बिअर्डेड ड्रॅगन काजवे खाऊन मेल्याच्या नोंदी आहेत.

बरं, विषारी झाडं ओळखून बाजूला काढली, तरी फवारणी उरतेच. आपल्या भाषेचीच गंमत बघा, विषाला आपण औषध म्हणतो. "औषध मारलं." २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध मारता मारता वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तरी आपण औषधच म्हणतो. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक मुळातून किंवा पानातून झाडाच्या रसात जातं. वरून पान धुतलं, पुसलं, तरी आतलं जात नाही. म्हणून "स्वच्छ धुऊन घ्या" हा सल्ला अर्धवट आहे. धुवाच, पण नवं रोप आणलं की कुंडीतली माती झाडून टाकायची (त्यात खताचे गोळे असतात, पर्लाइटचे पांढरे दाणे असतात, कासव ते गिळतं), साध्या मातीत लावायचं, काही महिने पेटीपासून लांब ठेवायचं, जुनी पानं काढून टाकायची, आणि आपल्या डोळ्यांसमोर फुटलेली नवी पानं जेव्हा झाडभर होतील तेव्हा त्याला आत न्यायचं.

त्याहून सोपं आणि फुकटचं सांगू? शेजारच्या परसातली, कधीच न फवारलेल्या जास्वंदीची फांदी आणा. शेवग्याची आणा, तुतीची आणा. तिन्ही फांदीवरून लागतात, तिन्हींची पानं इग्वानाला चालतात. स्पायडर प्लांटची पिल्लं ज्याच्याकडे असतील तो हौसेने देतो. घोळ तर आपोआप उगवते, फक्त ती रोज द्यायची भाजी नाही, कारण ऑक्झलेट तिच्यातही आहे आणि ते कॅल्शियम अडवून धरतं. हाडं मऊ पडलेली कासवं पाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एकच पथ्य, शेताच्या बांधावरचं आणि रस्त्याकडेचं काही आणू नका. बांधावर तणनाशक मारलेलं असतं आणि रस्त्याकडेला काय असतं ते पुढे येतंयच.

कारण इथून हा विषय एका पोराच्या पेटीतून बाहेर पडतो आणि आपल्या सगळ्यांच्या दारात येतो.

दुभाजकावर कण्हेर कुणी लावली? आपण, म्हणजे आपल्या करातून. पाणी कमी लागतं, जनावर तोंड लावत नाही, फुलं छान दिसतात, हे सगळं मान्य. पण तिचा प्रत्येक भाग हृदयावर परिणाम करणारा विषारी आहे, आणि छाटणी झाली की तिच्या फांद्या ट्रॉलीतून नेऊन मोकळ्या जागेत टाकतात. जिथे शेळ्या चरतात, जिथे पोरं खेळतात. ओल्या कण्हेरीला जनावर शहाणपणाने टाळतं, सुकलेल्या पाल्यात मात्र त्याला ते ओळखता येत नाही. बागेच्या कुंपणाला घाणेरी आहे. ती गुरांनी खाल्ली की कावीळ होते, उन्हात कातडी सोलपटते, हे कुठल्याही गुराख्याला विचारा. मी माहिती अधिकारात बागेसाठी घेतलेल्या रोपांची यादी मागितली होती. उत्तर आलं: "शोभिवंत रोपे." जातीचा रकानाच नाही. म्हणजे पोराच्या बिलात आणि नगरपरिषदेच्या बिलात फरक फक्त शब्दाचा. 'शोचे' ऐवजी 'शोभिवंत'.

मला लोक म्हणतात, मुळात घरात इग्वाना पाळायचाच कशाला? माझं स्वतःचं मत विचाराल तर मलाही परदेशी प्राणी काचेच्या पेटीत ठेवणं आवडत नाही. आणि इथल्या प्राण्यांच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. चांदणी कासव, म्हणजे स्टार टॉर्टॉइज, ज्याला 'लकी' म्हणून तिजोरीजवळ ठेवतात, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते ज्यांच्या घरात आहे त्यांनी कुठलं झाड लावू म्हणून मला विचारू नये, वन खात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करावा. घोरपडीचंही तेच. पण जो प्राणी कायद्याने ठेवता येतो, जो आधीच पेटीत आलेला आहे, त्याचं काय? रानात त्याला दहा झाडं नाकारता येतात आणि अकरावं खाता येतं. पेटीत नाकारून जायला जागा नसते. आपण जे ठेवू तेच त्याचं रान. त्यामुळे पाळणं चूक की बरोबर हा वाद चालू द्या, पण तो वाद पुढे करून झाडाचं नाव सांगायची जबाबदारी टाळू नका.

रोपवाटिकावाले म्हणतात, आम्हाला पुण्याहून गाडी येते, आम्हालाच नावं माहीत नसतात. हे मी तीन ठिकाणी ऐकलं. अहो मालक, मग विकता कशाला? फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी आपल्या राज्यात १९६९ सालचा कायदा आहे, परवाना लागतो. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा त्रिकोण छापावाच लागतो, म्हणजे अडाणी माणसालाही किती जहाल ते रंगावरून कळतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत. प्राण्याचे नियम आहेत, विषाचे नियम आहेत, आंब्याच्या कलमाचे आहेत. पण शोभेची कुंडी, जी आज दर घरात आहे, तिच्यावर नावाची चिठ्ठी मी आपल्या गावात एकाही ठिकाणी पाहिली नाही.

"चिठ्ठी लावली तर गिऱ्हाईक घाबरेल, झाड घेणार नाही." हेही ऐकलं. मला हे पटत नाही. डिफेनबॅकिया बाधतो हे कळलं म्हणून लोक तो घेणं बंद करणार नाहीत, उंचावर ठेवतील. रांगणारं लेकरू असलेलं घर दुसरं काही घेईल. इग्वानावाला जास्वंद घेईल, आणि न फवारलेली असेल तर दहा रुपये जास्तही देईल. एका रोपवाटिकेतल्या ताईंना मी हे बोललो तर त्या म्हणाल्या, "दादा, न फवारलेली वेगळी रांग ठेवायला मला काही अडचण नाही, पण कुणी मागितलीच नाही आजवर." तेव्हा मागायला शिका. झाड घेताना तीन गोष्टी विचारा: याचं पूर्ण नाव काय, खाल्लं तर बाधतं का, शेवटचं औषध कधी आणि कुठलं मारलं. उत्तर आलं नाही तर कुंडी खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.

नगरपरिषदेने करायचं ते अगदी थोडं आहे आणि त्याला मुंबईहून कायदा यायची वाट बघायला नको. रोपवाटिकांना रस्त्याकडेच्या जागा भाड्याने देते ती नगरपरिषदच. भाडेकराराच्या पुढच्या नूतनीकरणात एक अट घाला की प्रत्येक जातीच्या रांगेला देवनागरीत नावाची पाटी असेल, त्यावर शास्त्रीय नाव असेल आणि बाधणारं झाड असेल तर लाल ठिपका. प्रत्येक कुंडीला नको, रांगेला एक पुरे. फवारणीची वही दुकानात ठेवावी, मागणाऱ्याला दाखवावी. बागेच्या आणि दुभाजकाच्या खरेदीत 'शोभिवंत रोपे' हा शब्द बंद करून जातीनिहाय यादी लावावी. कण्हेरीची छाटणी उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावी. यातल्या कुठल्या गोष्टीला निधी कमी पडतो ते मला सभागृहातल्या सन्माननीयांनी सांगावं.

हा अर्ज लिहून तयार आहे. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात देणार आहोत. ज्यांना सही करायची त्यांनी शनिवारपर्यंत माझ्या ऑफिसात यावं, चहा मी पाजतो. शेतकी कॉलेजातले सर गावात हमखास विकल्या जाणाऱ्या चाळीसेक झाडांची फोटोसकट मराठी यादी करून देतो म्हणालेत, ती छापून रोपवाटिकांना फुकट वाटू. रोपवाटिकेच्या मालकांनाही बोलावलंय. ताई येतायत, हायवेवरचे एक काका येतो म्हणालेत. बिलावर 'शोचे झाड, ३ नग' लिहिणाऱ्यांनी अजून फोन उचललेला नाही.